ओसू! लेझरचा एडिटर, काही महिने वापरल्यावर: हलगीचा ठेका ताइकोत बसवताना

निकाल आधी सांगून टाकतो. रिदम गेमच्या, म्हणजे गाण्याच्या ठोक्यावर कळ दाबायच्या खेळाच्या, लेव्हल बनवायला शिकायचं असेल तर ओसू! लेझरचा एडिटर घ्यावा. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, टाइमलाइनवर आवाजाची वेव्हफॉर्म (चढउतारांची आकृती) दिसते, गाणं २५ टक्के वेगाने ऐकता येतं. तक्रार एकच, पण मोठी आहे. एडिटर उघडल्या उघडल्या तो ४/४ चा, म्हणजे चार मात्रांचा ताल आणि बीटचे चार सारखे तुकडे धरून चालतो. नवशिक्याची शैली दुसऱ्यांचे मॅप, म्हणजे तयार लेव्हल, बघून बिघडते असं सगळे बजावतात. ती त्याहून जास्त या आयत्या खुणांवर नोटा (खेळणाऱ्याने वाजवायचे ठोके) ठेवून बिघडते.

ओसू! २००७ पासून आहे आणि लेझर ही त्याची नवी आवृत्ती. खेळाचे चार प्रकार आहेत, त्यातला ताइको, म्हणजे जपानी ढोलाचा प्रकार, हा इथे विषय. लाल नोट म्हणजे ढोलाच्या मध्यावर, निळी म्हणजे कडेवर. सोलापुरात गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम आणि हलगी ऐकत वाढलेल्या माणसाला हे दोन रंग समजावून सांगावे लागत नाहीत. हलगीची जाड काडी लाल, बारीक काडी निळी. लेझमीचा खळखळाट पिवळ्या ड्रमरोलवर (भरभर वाजवायच्या लांब नोटेवर) टाकावा, कारण ड्रमरोल सुटला तरी खेळणाऱ्याचा कॉम्बो, म्हणजे न चुकता वाजवलेल्या नोटांची साखळी, तुटत नाही आणि त्या आवाजाला तशी एक नेमकी जागाही नसते.

दुसऱ्याचं गाणं घेऊन अपलोड करण्याच्या भानगडीत पडू नका. ओळखीच्या पथकाला विचारून दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करा, तेही सरावाच्या वेळी, मैदानात. मिरवणुकीतल्या रेकॉर्डिंगमध्ये दोन्हीकडच्या घरांवरून प्रतिध्वनी येतो आणि मागच्या मंडळाचा डीजे ठाण मांडून बसतो. फोन हलगीपासून चार-पाच फुटांवर ठेवावा, सर्वांत मोठा ठोका उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं बघावं, मूळ फाइल डब्ल्यूएव्हीतच ठेवावी. एडिटरसाठी एकदाच ओजीजी करून घ्या आणि नंतर ती फाइल बदलू नका. एमपीथ्री करताना सुरुवातीला काही मिलिसेकंदांची शांतता भरली जाते. अर्धा मॅप झाल्यावर फाइल बदलली तर सगळ्या नोटा एकदम सरकलेल्या वाटतात आणि माणूस दोष हेडफोनला देत बसतो.

हेडफोन मात्र वायरचाच हवा. ब्लूटूथवर आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज उशिरा पोचतो. सोलापूरच्या पूर्व भागात घराशेजारी माग चालू असतील तर कान झाकणारा घ्या, कारण मागाच्या खटखटाटाला स्वतःची पक्की लय असते आणि कानाने टाइमिंग लावताना ती नकळत मध्ये घुसते.

टाइमिंगला, म्हणजे एडिटरच्या खुणा गाण्याच्या ठोक्यांवर बसवायला, सगळ्यांत जास्त वेळ द्या. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० बीट) एक बीट ५०० मिलिसेकंदांचा. बीपीएम फक्त ०.१ ने चुकला तरी एका मिनिटात ५० मिलिसेकंदांची तफावत पडते, तीन मिनिटांत १५० ची. ताइकोत ओव्हरऑल डिफिकल्टी (ठोका किती अचूक हवा याची पातळी) ५ असेल तर उत्तम ठोक्याची मुभा दोन्ही बाजूंना ३५ मिलिसेकंद इतकीच असते. म्हणजे पाऊण मिनिटाच्या आतच बरोबर वाजवणाऱ्याचे ठोके उत्तम धरले जाईनासे होतात, आणि खेळणारा ‘मॅप विचित्र आहे’ एवढंच म्हणून निघून जातो.

जिवंत वादन मेट्रोनोमवर चालत नाही. पथक रंगात आलं की ९६ चा वेग हळूहळू १०४ वर जातो. म्हणून एकच बीपीएम न ठेवता प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर नवा टाइमिंग पॉइंट (इथून पुढचा वेग सांगणारी खूण) लावायचा. तो ठोका शोधताना हलगीचं शिखर बघा. वेव्हफॉर्मवर ते उभ्या सुळक्यासारखं दिसतं, तर लेझमीचा आवाज पसरट दिसतो. लेझमीच्या आवाजावर रेषा लावली की प्रत्येक आवर्तनात वेगळी चूक होते. दोन पॉइंटमधलं अंतर मिलिसेकंदांत घ्या, त्याला मात्रांच्या संख्येने भागा, मग ६०,००० ला त्या उत्तराने भागा, बीपीएम मिळाला. आठ मात्रांना ४,८०० मिलिसेकंद लागले तर बीट ६०० चा, बीपीएम १००. नोटा ठेवण्याआधी शेवटपर्यंतचं टाइमिंग पूर्ण करा. नोट फाइलमध्ये मिलिसेकंदांतच साठवली जाते, त्यामुळे नंतर टाइमिंग हलवलं की जुन्या नोटा ग्रिडच्या, म्हणजे एडिटरच्या खुणांच्या, बाहेर पडू शकतात.

आता मूळ तक्रारीकडे. रूपक सात मात्रांचा, ३-२-२ असा. तो ४/४ वर लावला तर मोजणीच्या उभ्या रेषा भलत्याच जागी येतात. ताइकोत त्या रेषा खेळणाऱ्यालाही दिसतात, आणि मॅप बनवणाऱ्याचा हात मोठी नोट नेमकी रेषेवर ठेवायला जातो. गाण्याचा जोर एकीकडे, नोटेचा दुसरीकडे. टाइमिंग पॉइंटमध्ये मात्रांची संख्या बदलता येते. रूपकाला सात आणि दादऱ्याला सहा करून टाका. पहिल्या दिवशीच करायचं काम आहे, आणि बहुतेकांकडून तेच राहून जातं.

स्नॅपचंही, म्हणजे नोट बीटच्या कुठल्या भागावर चिकटते त्याचंही, तसंच. हलगीची मधली बारीक काडी बऱ्याचदा बीटच्या बरोबर अर्ध्यावर पडत नाही, जरा मागे रेंगाळते. समजा १०० बीपीएमला ती बीटनंतर ३६० मिलिसेकंदांवर आहे. अर्ध्याची खूण ३०० वर, तिसऱ्या चतुर्थांशाची ४५० वर, दोन्ही दूर. सोळाव्या भागात जवळची खूण ३७५. बाराव्या भागात ५०-५० च्या पायऱ्या, त्यातली सातवी ३५० वर, म्हणजे चूक फक्त १० ची. तिथे ठेवा. चतुर्थांशावर दडपून बसवली की मॅप नीटनेटका दिसतो आणि ठेका जगातल्या कुठल्याही गाण्याचा वाटायला लागतो. सरसकट बाराव्या भागावर खेळत बसू नका मात्र. तीन-चार आवर्तनं मोजून काडी खरंच दर वेळी तिथेच पडते का ते बघा. एखाद्याच वेळी सरकली असेल तर ती वाजवणाऱ्याची चूक समजावी.

सोलापुरी चादरीची नक्षी आधी ग्राफ कागदावर भरतात, मग जॅकार्डचे पुठ्ठे पंच होतात, माग त्यानंतर. मॅपचंही असंच कागदावर सुरू करा. चौकोनी वहीत एका ओळीला आठ मात्रा, प्रत्येक मात्रेला चार घरं. जाड काडीला ‘ज’, बारीकला ‘ब’, सोडलेल्या आवाजाला टिंब. तोंडाने म्हणता येत नाही ती ओळ वहीत ठेवायची नाही. कुठला आवाज खेळणाऱ्याच्या हातात द्यायचा आणि कुठला नुसता ऐकू द्यायचा, हा निर्णय इथेच होतो. एडिटरमध्ये रिकामी जागा दिसली की ती भरावीशी वाटते. वहीतलं टिंब हात आवरून धरतं.

नक्कल टाळू नका. रँक झालेला, म्हणजे खेळात अधिकृत मान्यता मिळालेला, मॅप घेऊन त्याची प्रत काढा, सगळ्या नोटा लाल करा आणि रंग फक्त कान वापरून पुन्हा भरा. मग मूळ मॅपशी जुळवून बघा. जिथे फरक पडला तिथे मूळ माणसाने तसं का केलं ते एका ओळीत लिहा. बहुतेक कारणं हाताच्या सोयीची निघतात, कारण जलद ओळीत कुठल्या हाताने सुरुवात होते हे रंगांवरून बदलतं. ही सोय शिकण्यासारखी आहे. उरलेली कारणं त्या माणसाच्या आवडीची असतात, ती त्याच्याकडेच राहू द्या. ही प्रत अपलोड करायची नाही, हे सांगायला नको.

मॉडिंग म्हणजे इतरांनी काढलेल्या चुका. नोट निवडून कॉपी केली की वेळेचा शिक्का मिळतो, त्यामुळे चर्चा नेमक्या जागेवर होते. सूचना आल्या की तीन ढीग करा. ग्रिडबाहेरची नोट, चुकलेला ऑफसेट (पहिल्या बीटची वेळ), एकावर एक बसलेल्या नोटा: वाद न घालता दुरुस्त करा, एडिटरमधला ‘व्हेरिफाय’ यातलं बरंच आधीच सांगतो. दोन-तीन वेगवेगळे खेळाडू एकाच जागी अडखळत असतील तर दोष मॅपचाच, तुम्हाला ती जागा कितीही आवडो. तिसरा ढीग ‘इथे फार रिकामं वाटतं’, ‘हा आवाज का सोडला’ अशा सूचनांचा. त्या जागेचे बोल म्हणून दाखवता आले तर जागा ठेवा आणि कारण लिहा. नाही आले, तर समोरचा बरोबर आहे. ‘माझी स्टाइल आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही, चालूही नये.

सोप्या पातळ्या आधी बनवा. अवघड पातळीत दाट नोटांच्या आड बरंच लपतं. सर्वांत सोप्या पातळीत मोजक्या नोटा उरतात, आणि त्यातही ठेक्याची वळणाची जागा ओळखू येत असेल तर बाकीचं जमेल. स्क्रोलचा, म्हणजे नोटा सरकत येण्याचा, वेग सतत बदलून मॅप ‘वेगळा’ करायचा मोह नव्यांना फार होतो. पाठ करून खेळायला आवडणारे थोडे. बाकीचे पहिल्या वेगबदलालाच सोडून जातात.

बारीकसारीक गोष्टी. वीज जाते, त्यामुळे प्रत्येक ओळीनंतर सेव्ह करायची सवय लावा. लेझर फाइली स्वतःच्या नावांनी साठवतो, फोल्डर उघडून काही सापडत नाही. आठवड्याला एकदा ओएसझेड (मॅपची एकत्र बांधलेली फाइल) एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवा. एप्रिल-मेमध्ये तापलेला लॅपटॉप वेग कमी करतो आणि टेस्ट खेळताना चित्र अडखळतं, तेव्हा टाइमिंगचा निर्णय सकाळीच घ्यावा. अपलोड केलेल्या मॅपला २८ दिवस हात लागला नाही तर तो ‘ग्रेव्हयार्ड’मध्ये जातो; परत काढता येतो, घाबरायचं कारण नाही. रँकसाठी एका प्रकारच्या मॅपला दोन नॉमिनेटर (मॅपची शिफारस करणारे) आणि त्यानंतर सात दिवसांचा ‘क्वालिफाइड’, म्हणजे प्रतीक्षेचा, काळ लागतो, म्हणून गणपतीपर्यंत रँक व्हावा असा हिशेब करू नका. अँड्रॉइड फोनवर लेझर चालतो आणि मॅप तपासून बघायला पुरतो, पण नोटा ठेवायला माउस आणि कीबोर्डच हवा.