चोरबाजारात मिळालेली शकुंतला: रविवर्मा प्रेसचं जुनं ओलिओग्राफ

मटन स्ट्रीटवरच्या एका दुकानातून शकुंतलेचं जुनं ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखं दिसणारं छापील चित्र घेतलं, तेच पायातला काटा काढतानाचं. बारा हजार सांगितले होते, घासाघीस करून आठला दिलं. कडा पिवळ्या पडल्यात, वरच्या कोपऱ्यात पाण्याचा डाग आहे, पण चेहरा आणि हात एकदम स्वच्छ आहेत, आणि या चित्रात तेच सगळ्यात महत्त्वाचं.

कारण काटा नाहीचे तिथे! कालिदासाच्या नाटकात दुष्यंत स्वतः विदूषकाला सांगतो की चार पावलं गेली न गेली तोच दर्भ टोचला म्हणून उगाच थांबली, वल्कल फांदीत अडकलं नव्हतं तरी सोडवत राहिली आणि मान वळवून बघत होती. रविवर्म्याने नेमकं तेच धरलंय. एक हात सखीच्या खांद्यावर, दुसरा पायाशी, नजर मात्र मागे. आणि राजा चित्रात कुठेच नाही, त्यामुळे त्या नजरेच्या टोकाला कोण आहे ते आपण आपल्या मनात भरायचं, राजा दाखवला असता तर ते नुसतं नाटकातलं एक दृश्य झालं असतं असं मला अगदी मनापासून वाटतं. अनसूया-प्रियंवदा शेजारीच आहेत तरी ही त्यांच्यात नाहीये. नाटकातलं वल्कल जाऊन इथे मऊ झुळझुळीत कापड आलंय, अंगावर फुलांचे दागिने, म्हणूनच ही आश्रमातली मुलगी लोकांना आपल्या घरातली वाटली असणार आणि दिवाणखान्यात लागली असणार.

आता छपाई. रविवर्म्याचा प्रेस १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, मशीन आणि कारागीर जर्मनीहून आणले होते. प्रत्येक रंगाचा छपाईचा दगड वेगळा, तोच कागद परत परत मशीनमधून जायचा आणि वरून व्हार्निश, त्यामुळे तैलचित्रासारखी चमक येते. भिंग घेऊन गालावर बघा, ठिपके हाताने मारलेले, लहानमोठे दिसतात, नवीन ऑफसेट कॉपीत ते एकसारखे ओळीत असतात. घेताना हे बघाच, कारण नवीन कॉपी चहाच्या पाण्यात बुडवून जुनी म्हणून विकणारेही आहेत.

एक स्टार कमी देतेय तो दुकानदाराच्या बोलण्याबद्दल. तो १८९४ चीच प्रत म्हणून अडून बसला होता, पण खाली समासात कार्ला-लोणावळा छापलंय, म्हणजे प्रेस लोणावळ्याजवळ मळवलीला हलल्यानंतरची, शतक संपतानाची किंवा त्याच्याही पुढची. हे दाखवल्यावरच भाव उतरला. समास कापलेली प्रत असेल तर हे कळणारच नाही, ती घेऊ नका.

फ्रेम करताना कागद प्लायवर चिकटवू देऊ नका, काच आणि चित्राच्या मध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) घालून घ्या, आणि पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर तर अजिबात लावू नका, बुरशी धरते.