आमवाताच्या ‘वनौषधी’ पुडीत दडलेलं स्टेरॉइड

सांधे धरलेल्या माणसाला बिननावाच्या पुडीने चार दिवसांत आराम पडला, तर आधी ती पुडी डॉक्टरांना दाखवा. कळकळीने सांगतोय, कारण आमच्या घरात हे घडलंय.

आईला आमवात आहे, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस. मेथोट्रेक्सेट सुरू होतं. आठवड्यातून एकदाच घ्यायची ती गोळी, आणि गुण यायला महिना-दीड महिना तरी जातो. नेमकी त्याच दिवसांत ती एका माणसाच्या तावडीत सापडली. तो लॉजवर दर महिन्याला शिबिर भरवायचा. ‘इंग्रजी गोळ्या बंद करा, आमवात मुळापासून जाईल’ अशी हमी द्यायचा. संधिवात बरा करण्याच्या अशा जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

पुडीवर ना घटक, ना बॅच नंबर, ना परवाना. चव कडूजहर. विचारलं तर म्हणे गुळवेल. गुळवेल कडू असतेच, पण प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडही तसंच कडू असतं.

आठवड्याभरात आई पुन्हा भाकऱ्या थापायला लागली. घरात सण असल्यासारखं वाटलं. पुढे तिचे गाल भरले, चेहरा गोल झाला. शेजारच्या काकू म्हणायच्या, ‘वहिनी, तब्येत छान सुधारली हो!’ रात्री-अपरात्री ती भुकेने उठायची. बांगडी जरा घासली तरी मनगटावर जांभळा डाग पडायचा. कधी नव्हे ती साखर वाढली. यावर त्या माणसाचं उत्तर एकच: ‘शरीरातलं विष बाहेर पडतंय.’ आजारी बाईला असं तोंडावर सांगायला जीभ कशी रेटते?

मग एका महिन्यात शिबिर भरलंच नाही, फोनही बंद. पुड्या संपल्या आणि आईला उलट्या सुरू झाल्या, बीपी उतरलं, उठून बसवेना. दवाखान्यात सकाळचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासलं, ते अगदी तळाला गेलेलं. बाहेरून रोज स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं थांबवतात, आणि पुरवठा अचानक तुटला तर जिवावर बेततं. म्हणून डॉक्टरांनी तिला स्टेरॉइडच दिलं, मोजून, आणि हळूहळू कमी करत नेलं. नातेवाईक त्यावरही चिडले. पण हे स्टेरॉइड नाव, डोस आणि तपासण्यांसकट दिलेलं होतं. त्या माणसाने हीच माहिती आमच्यापासून लपवली होती. वर मेथोट्रेक्सेट बंद पडल्याने दुखणं दबलेलं असतानाही बोटांचे सांधे झिजत राहिले. एक्स-रेमध्ये ते स्पष्ट दिसतं.

उरलेल्या पुड्या आम्ही तक्रारीसोबत अन्न व औषध प्रशासनाकडे दिल्या आहेत. परवानाधारक कंपनीच्या आयुर्वेदिक औषधावर घटक आणि परवाना छापलेला असतो; खऱ्या वैद्यांबद्दल माझी तक्रार नाही. तुमच्या घरी कुणी अशी पुडी घेत असेल तर भीतीपोटी ती एकदम बंद करू नका. पुडी खिशात घाला आणि आजच पेशंटला घेऊन डॉक्टरांकडे जा.