झायवूची सेटिंग घ्यावी का रॉप्झची? दोन्ही वापरून झाल्यावर

सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २, पाच-पाच जणांच्या टीमचा शूटिंग गेम) मध्ये प्रोची, म्हणजे व्यावसायिक खेळाडूची, सेटिंग उचलायची म्हटलं की सगळे जगभरातली नावं काढतात, मला मात्र एकाच टीममधली दोन पोरं समोर ठेवावीशी वाटतात. जानेवारी २०२५ पासून झायवू आणि रॉप्झ दोघंही व्हिटॅलिटी या टीममध्ये आहेत, जून २०२५ ला ऑस्टिनचा मेजर (या गेमची सगळ्यात मोठी स्पर्धा) पण एकत्र मारला, आणि तरी दोघांच्या स्क्रीनवर गेम पार वेगळा दिसतो. मी दोघांची सेटिंग लावून बरेच महिने खेळलोय, म्हणून लिहितोय.

सेन्सचं, म्हणजे माउस हलवल्यावर गेममधली नजर किती वळते त्याचं, आधी उरकून टाकू. दोघांचा डीपीआय (माउसची स्वतःची संवेदनशीलता) ४००. झायवूचा सेन्स २, रॉप्झचा १.७७. म्हणजे पूर्ण गोल फिरायला झायवूला साधारण ५२ सेंटीमीटर माउस सरकवावा लागतो आणि रॉप्झला ५९ च्या आसपास. फरक आहे, पण हात बसतो हो. आपल्याकडे खरी अडचण टेबलाची. अर्ध्यावर लॅपटॉप, बाजूला चार्जर, पाण्याची बाटली, आईने आणून ठेवलेला चहा, त्यात एवढी जागा आणायची कुठून? तसं असेल तर या दोघांना सोडा आणि सिंपल या दुसऱ्या प्रोकडे जा, त्याचा ४०० वर ३.०९, ३४ सेंटीमीटरच्या आत गोल पूर्ण. जागा असेल तर पुढे वाचा.

मेन भांडण स्क्रीनचं आहे. झायवू १२८०×९६० वर, ४:३ स्ट्रेच्ड, म्हणजे चौकोनी चित्र आडवं ताणून स्क्रीनभर केलेलं. रॉप्झ १९२०×१०८०, १६:९, कसलीही ओढाताण नाही. प्रो लोकांत स्ट्रेच्डवाले जास्त, डोंक हा प्रो पण तसाच खेळतो, त्यामुळे नवीन पोरगं आपोआप तिकडेच वळतं. आणि पहिल्या दिवशी स्ट्रेच्ड भारी वाटतं हे मान्यच करायला पाहिजे, समोरचा एकदम एक तृतीयांश जाड दिसायला लागतो, डोकं असं रुंद दिसतं की आता चुकणारच नाही असं वाटतं. पण तो जाड झालेला माणूस आडवा पळताना स्क्रीनवरून तेवढ्याच जास्त स्पीडने जातो, हे कोणी आधी सांगत नाही. उंची तर वाढतच नाही. वर बाजूने दिसणारा भाग १०६ डिग्रीवरून ९० वर येतो.

हे १६ डिग्री म्हणजे काय ते मिराज या मॅपवर बघा. टी साइडने (हल्ला करणाऱ्यांकडून) रॅम्पवरून ए साइटला, म्हणजे बॉम्ब लावायच्या जागेकडे, निघालात, डावीकडे पॅलेस, उजवीकडे स्टेअर्स आणि जंगल, क्रॉसहेअर (नेमाची खूण) समोर तिकीट बूथवर. १६:९ मध्ये कडेला काहीतरी हललं एवढं तरी डोळ्याला लागतं, माणूस नीट दिसला नाही तरी खांदा मागे घेता येतो. ४:३ मध्ये ते हललेलंच स्क्रीनच्या बाहेर, मग मेल्यावर टीममेट विचारतो "अरे दिसला नाही का तुला?" आणि खरंच दिसलेला नसतो.

माझा एक तर्क आहे, पटला तर घ्या. झायवू म्हणजे माथ्यू एर्बो, फ्रान्सचा, शाळा उरकून २०१८ मध्ये व्हिटॅलिटीत आला तो आजपर्यंत तिथेच, एचएलटीव्ही या वेबसाइटच्या वार्षिक यादीत २०१९, २०२० आणि २०२३ ला जगात पहिला. त्याच्या हातात बहुतेक वेळा ऑप (लांबून मारायची स्नायपर बंदूक) असते. ऑपवाल्याने एकच फट धरून बसायचं असतं, कडेचं बघायला बाकीचे चार आहेत. रॉप्झ, एस्टोनियाचा रॉबिन कूल, आधी माउझस्पोर्ट्स, मग २०२२ पासून फेझ, तिथे त्याच वर्षी अँटवर्पचा मेजर, मग इकडे. त्याचं काम लर्कचं. सगळे एका साइटला, हा एकटा मॅपच्या दुसऱ्या टोकाला गुपचूप, आणि एकट्या माणसाला कडेचं दाखवणारं कोणी नसतं. सोलो क्यूमध्ये, म्हणजे अनोळखी टीममध्ये एकटं खेळताना, आपली अवस्था कोणासारखी असते ते तुम्हीच बघा.

पण खरं सांगू का, माझा निकाल यातल्या कशावरच लागला नाही. निकाल लागला काळ्या पट्ट्यांवर, ४:३ चित्र ताणलं गेलं नाही की दोन्ही बाजूला येतात त्यांच्यावर. माझ्याकडे डेस्कटॉप नाही, दोन ग्राफिक्सवाला लॅपटॉप आहे, आणि यात स्क्रीन असते इंटेलच्या चिपला जोडलेली, त्यामुळे एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये स्केलिंगचा (चित्र ताणायचा) ऑप्शनच सापडत नाही, तो शोधायचा इंटेलच्या ॲपमध्ये, तिथे फुल स्क्रीन करायचं, मग गेम उघडायचा, आणि सगळं जमलं की काही दिवसांनी विंडोज रात्रीत ड्रायव्हर अपडेट करून मोकळं होतं आणि दुसऱ्या दिवशी स्क्रीनच्या दोन्ही बाजूला पुन्हा ते काळे पट्टे हजर. बरं, फुलस्क्रीनमध्ये ऑल्ट-टॅब केलं की स्क्रीन काळी, परत आलं की पुन्हा काळी. फ्रीझ टाइममध्ये (राउंडआधी बंदुका घ्यायच्या थोड्या सेकंदांत) डिस्कॉर्डवर कोणाला म्यूट करायला गेलो की परत येईपर्यंत राउंड सुरू आणि मी पिस्तूल घेऊन उभा. यावर उपाय म्हणून मित्राने सांगितलं, विंडोजचा अख्खा डेस्कटॉपच १२८०×९६० कर आणि फुलस्क्रीन विंडोडमध्ये खेळ. केलं. ऑल्ट-टॅब एकदम मख्खन झालं, पण सकाळी ऑफिसची एक्सेल उघडली तर कॉलम ताणलेले, अक्षरं फेंगडी, आणि डेस्कटॉपवरचे आयकॉन सगळे डाव्या कोपऱ्यात गोळा. रोज रात्री एकदा आणि सकाळी एकदा रेझोल्यूशन बदलत बसायचं, हे मला नाही जमलं.

रॉप्झच्या सेटिंगला हे काहीच नाही. लावली आणि विसरलो. लांबचं डोकं पण मला तिथे जास्त साफ दिसतं, स्ट्रेच्डमध्ये ते पुसट व्हायचं, निदान माझ्या डोळ्यांना. माझी रँक त्याने वाढली असा दावा नाही, पण "कुठून मारलं?" हा प्रश्न कमी झाला एवढं नक्की.

तरी सरसकट नाही सांगणार. जुनं ग्राफिक्स कार्ड असेल तर १२८०×९६० ला पिक्सेल जवळपास ४० टक्के कमी असतात, तिथे एफपीएसमध्ये (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेममध्ये) जो फरक पडतो तो कोणताही अँगल भरून काढत नाही. डेस्कटॉप असेल, ऑप आवडत असेल, स्केलिंग एकदा सेट केलं की हलत नसेल, तर झायवूचं बिनधास्त घ्या. बाकी लॅपटॉपवाल्यांनी, त्यातही एकटं खेळणाऱ्यांनी, मला वाटतं रॉप्झकडे यावं. येताना एफपीएस पडले तर एमएसएए (कडा गुळगुळीत करणारी सेटिंग) ४एक्सवरून २एक्सवर आणा, शॅडो मात्र हायच राहू द्या, सीएस२ मध्ये कोपऱ्यामागचा माणूस बऱ्याचदा आधी सावलीवरून कळतो.