टायरची तारीख आतल्या बाजूला का होती

२०२४ च्या जूनमध्ये मी गाडीचे चारही टायर बदलले आणि त्या एका दुपारी तीनदा फसवले गेले. नवे म्हणून सात-आठ वर्षं जुने टायर घेतले, गाडीला न बसणारं माप घेतलं, आणि स्वतःच्या चांगल्या रिम दुकानात सोडून आले. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, मी तिथेच खुर्ची टाकून बसले होते. जे मला तेव्हा वाचता आलं नाही ते टायरवरच छापलेलं होतं आणि वाचायला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझं मूळ माप १८५/६५ आर१५, त्यापुढे ८८एच. टायर पाच वर्षं चालले होते. नक्षीच्या खाचेत तळाशी बारीक आडवे उंचवटे असतात, १.६ मिमी उंचीचे. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. माझे पुढचे दोन तिथवर आले होते. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की गाडी घसरते आहे असं जाणवायला लागलं होतं, त्यामुळे मी घाईत होते. दुकानदाराला ती घाई लगेच कळली असणार.

मी माप सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, हे माप आता येत नाही. बंदच झालंय." हे धादांत खोटं होतं, पण मी विश्वास ठेवला. मग तो म्हणाला, "कंपनी पैसे वाचवायला बारीक टायर देते. सोळाची रिम टाका, दोनशे पाचचा टायर टाका. गाडी उंच होईल, पकड वाढेल, दिसेलही छान. सगळे हेच टाकून घेतात." मी विचारलं, गाडीला काही त्रास नाही ना? "त्रास कसला? मी गॅरंटी देतो ना." ही गॅरंटी पुढे बिलावर कुठेच नव्हती.

मला टायरच्या तारखेबद्दल ऐकीव माहिती होती. मी विचारलं, टायर नवेच आहेत ना? त्याने हसून एक टायर माझ्यासमोर गडगडत आणला, ओल्या फडक्याने कड पुसली आणि बोट ठेवून दाखवलं : ४८२३. म्हणजे २०२३ सालचा ४८ वा आठवडा. टायर सहा-सात महिन्यांचा. माझं समाधान झालं. बाकीचे तीन मी बघितले नाहीत. एक बघितला की चारही बघितले असं मनाने धरलं, आणि त्याचा सगळा डाव त्यावरच होता.

टायर रिमवर चढले, मशीनवर बॅलन्सिंग झालं (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं), सगळ्यांना काळं चकचकीत पॉलिश मारलं. "जुन्या रिम ठेवून जा, तेवढे बिलातून वजा करतो," म्हणाला. मीही ठेवल्या. बिलावर लिहिलं होतं : टायर ४ नग, रिम ४ नग. माप नाही, कंपनीचं नाव नाही, तारीख नाही. मी ते घडी घालून पर्समध्ये टाकलं.

पहिल्याच दिवशी ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. फोन केला तर म्हणाला, नव्या टायरला आठ दिवस असं होतंच, बसतील आपोआप. आठ दिवसांनी घरचे पाच जण आणि मागे सामान असं निघालो, तर प्रत्येक खड्ड्यात मागच्या चाकाकडून खर्रकन आवाज यायला लागला. पूर्ण वळण घेताना पुढूनही घासायचं. उतरून बघितलं तर मागच्या मडगार्डच्या आतल्या कडेचा रंग उडाला होता आणि टायरच्या खांद्यावर एक चरा उमटला होता.

तिथून मी दुकानात न जाता सरळ आमच्या नेहमीच्या मेकॅनिक काकांकडे गेले. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, मोबाइलचा टॉर्च चाकाच्या आतल्या बाजूला मारला आणि मला खाली वाकून बघायला बोलावलं. पॉलिश बाहेरच्याच बाजूला होतं. आत टायरचा रंग राखाडी पडला होता. एका लांबट चौकटीत चार आकडे : ०८१७. २०१७ सालचा आठवा आठवडा. दुसरा टायर, तोही ०८१७. तिसरा ३३१६. ४८२३ वाला एकच, आणि त्याची तारीख तेवढी बाहेरच्या बाजूला होती. काकांनी ३३१६ च्या टायरच्या नक्षीत अंगठ्याने दोन ठोकळे फाकवले. खाचेच्या तळाशी उकललेल्या टाचेसारख्या बारीक भेगा होत्या, एकीला लागून दुसरी. नख रुतवायचा प्रयत्न केला तर रबर दबतच नव्हतं. "या रबरातला जीव गेलाय," काका म्हणाले. "ओल्या रस्त्यावर हा धरणार नाही. तुझे झिजलेले टायर काढून तू हे टाकलेस?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पूर्ण तारीख सहसा टायरच्या एकाच बाजूला असते. डॉट (DOT) या इंग्रजी अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार अंक म्हणजे ती तारीख : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दुसऱ्या बाजूला ओळ असते पण बहुतेक वेळा हे चार अंक नसतात. त्यामुळे जुना माल खपवणारा तारखेची बाजू आत टाकतो आणि एकदा चाक बसलं की गाडी उचलल्याशिवाय ती दिसत नाही. तारीख आत गेली म्हणजे प्रत्येक वेळी लबाडीच असते असं मात्र नाही. काही टायरांच्या कडेवर बाहेरची बाजू कुठली ते छापलेलं असतं, काहींवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. ते तसेच बसवावे लागतात, मग तारीख आत गेली तरी इलाज नाही. अशा वेळी टायर रिमवर चढायच्या आधी चारही तारखांचे फोटो काढायचे. आधीच काढायचे, नंतर नाही.

रबर नुसतं पडून राहिलं तरी वय होतंच. ऊन आणि हवा लागून ते कडक होत जातं, नक्षी कोरीच्या कोरी दिसते आणि पकड मात्र गेलेली असते. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की नक्षी शिल्लक असली तरी काढून टाका, असं बऱ्याच टायर कंपन्या सांगतात. नीट सांभाळून ठेवलेला वर्ष-दीड वर्षाचा टायर घ्यायला माझी हरकत नाही. पण आठ वर्षांचा टायर नव्याच्या भावात, तोही तारीख लपवून, ही चोरी आहे.

आता मापाचं. काकांनी एका पुठ्ठ्यावर मला गणित मांडून दाखवलं. ते मी इथे देते, कारण मोठं माप गळ्यात मारताना हे कोणी सांगत नाही. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे कडेची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. १८५ चे ६५ टक्के १२०.२५, दोन्हीकडचे मिळून २४०.५. पंधरा इंच म्हणजे ३८१. बेरीज ६२१.५ मिमी, हा माझ्या मूळ चाकाचा व्यास. मला दिलेलं माप होतं २०५/६० आर१६. त्याचं येतं ४०६.४ अधिक २४६, म्हणजे ६५२.४. चाक जवळजवळ पाच टक्क्यांनी मोठं झालं होतं. टायरची वरची कड मडगार्डच्या दिशेने आणखी पंधरा मिमी सरकली होती.

सोळाची रिम टाकायचीच होती तर १९५/५५ आर१६ चा व्यास येतो ६२०.९, मूळ मापाशी अगदी मिळता. रिम मोठी झाली की टायरची कड तेवढी कमी व्हायला हवी, म्हणजे एकूण चाक तेवढंच राहतं. हे त्या दुकानदाराला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. त्याच्याकडे २०५/६० चा जुना माल पडून होता आणि तो मला दिला, एवढंच.

पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण गाडीचा काटा चाकाच्या फेऱ्या मोजतो, रस्ता नाही. पूर्वी काटा ८० वर असताना फोनवर ७७ च्या आसपास वेग दिसायचा, कारण काटे मुळातच थोडं जास्त दाखवतात. नव्या चाकांवर तोच फोन ८१ दाखवायला लागला. म्हणजे मी मर्यादेत आहे असं समजून मर्यादेच्या बाहेर चालले होते. किलोमीटरही तितकेच कमी मोजले जात होते. गाडी उचल खात नव्हती, चढावर एक गियर खाली घ्यावा लागत होता. स्टेपनी तर पंधराचीच राहिली होती. रस्त्यात पंक्चर झालं असतं तर एकाच ॲक्सलवर एक चाक ६२१ आणि दुसरं ६५२ घेऊन धावायची वेळ आली असती.

रिममध्येही गोम होती. त्याने मला एवढंच सांगितलं होतं की नटांची भोकं जुळतात, म्हणजे बसली. भोकं जुळत होतीच. पण रिमच्या मधलं भोक होतं ७३.१ मिमी आणि माझ्या गाडीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग, ५४.१. बाजारातल्या रिमला मधलं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, एकच रिम अनेक गाड्यांना चालावी म्हणून. मग मधली फट भरायला हबवर एक कडी बसवावी लागते. ती त्याने दिलीच नव्हती. नुसत्या नटांच्या जोरावर रिम नेमकी मधोमध बसेल याची खात्री नाही. मशीनवर बॅलन्सिंग बरोबर आणि गाडीवर थरथर, याचं कारण हे होतं. दुसरं म्हणजे रिमच्या आत कोरलेला ईटी (ET) आकडा, चाक किती आत किंवा बाहेर बसेल ते सांगणारा. माझ्या मूळ रिमचा ४५, या रिमचा ३५. हा आकडा दहाने कमी म्हणजे चाक दहा मिमी बाहेर. टायर वीस मिमी रुंद, त्यातले दहा बाहेरच्या बाजूला. असं एकूण चाक वीस मिमी बाहेर आलं होतं आणि गाडी भरली की मडगार्डला भिडत होतं.

मी दुकानात परत गेले. तोच माणूस, पण बोलणं पार बदललेलं. "मॅडम, मोठे टायर तुम्हीच मागितलेत." तारखा दाखवल्यावर म्हणाला, "हे टायर आमचेच कशावरून? बिलात कुठे लिहिलंय?" खरंच लिहिलेलं नव्हतं. त्या कोऱ्या बिलाचा अर्थ मला तेव्हा कळला. माझ्या जुन्या रिम मागितल्या तर त्या विकूनही झाल्या होत्या. भांडून भांडून हाती काही लागलं नाही. लेखी तक्रार करायला बसले, पण कागदावर माझ्या बाजूने काहीच नव्हतं.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक छोटं स्टिकर असतं, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत. त्यावर गाडीचं टायरचं माप आणि हवेचा दाब दोन्ही छापलेलं असतं. पाच वर्षं मी ते दार रोज उघडत होते आणि ते स्टिकर एकदाही वाचलं नव्हतं. तुम्ही आजच त्याचा फोटो काढून ठेवा. दुकानदार "हे माप बंद झालं" म्हणाला तर तिथून निघा आणि आणखी दोन ठिकाणी विचारा. मला दुसऱ्याच दुकानात ते माप मिळालं.

तिथेही एकाने प्रयत्न केलाच. "पासष्ट आणि साठमध्ये काय फरक दिसतो? १८५/६० घेऊन जा, तयार आहे." या वेळी मी शेवटचा आकडा वाचला : ८४एच. माझा होता ८८. हे किलो नाहीत, हा भाराचा क्रमांक आहे. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ८४ म्हणजे ५००. चार चाकांचे मिळून २४० किलो कमी. पाच माणसं आणि सामान घेऊन जाणाऱ्या गाडीत हा फरक कोणाच्या जिवावर बेतू शकतो. एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंतचा टायर, ते अक्षरही मूळच्या खाली उतरू देऊ नये. मी मान हलवली आणि ६५ चाच टायर मागवून घेतला.

बसवायच्या दिवशी मी खुर्चीवर बसले नाही. चारही टायर उभे करायला लावले, प्रत्येकाचे अंक मोठ्याने वाचले, बसवणाऱ्या पोराने ते बिलावर मापासकट लिहिले. त्याला राग आला नाही, उलट तोच म्हणाला, "ताई, तारीख बाहेर ठेवू ना?" हवा स्टिकरवरच्या आकड्याएवढीच भरली. साध्या लोखंडी रिम काकांनी शोधून दिल्या, सेकंडहँड पण सरळ.

फसवून दिलेले टायर विकत घ्यायला तिथला एकजण लगेच तयार झाला. "नक्षी कोरी आहे, चांगले पैसे देतो." मी नाही म्हटलं. ०८१७ चे दोन आणि ३३१६ चा एक, तिघांच्याही कडा काकांकडून ग्राइंडरने आरपार कापून घेतल्या आणि मग भंगारात दिल्या.