एस२०००चं व्हीटेक: अकरा महिने वापरल्यावर

जपानमधला हाकोनेचा घाट, दुसरा गिअर, आणि ऐन चढावर इंजिनने दम टाकला. आरपीएमचा काटा सहा हजारांच्या अलीकडेच अडला, मीटरमध्ये पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्याने बॉनेटसुद्धा न उघडता सांगितलं, "रॉकर आर्म गेलेत, हेड उघडावं लागेल." रॉकर आर्म म्हणजे व्हॉल्व दाबणारे छोटे दांडे, आणि हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग. खर्चाचा आकडा ऐकून माझी झोप उडाली. योकोहामात गाडी ठेवायची म्हणजे पार्किंगचं भाडं आहे, दर दोन वर्षांनी शाकेन, म्हणजे गाडीची सक्तीची तपासणी आहे. तो खर्च मी करतोच. पण न बघता हेड उघडायला एक येनही देणार नव्हतो.

गाडी २००१ची होंडा एस२०००, दोन लिटरचं एफ२०सी इंजिन. व्हीटेक म्हणजे आरपीएम वाढले की व्हॉल्व जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा.

पहिले चार महिने मला व्हीटेकचा नुसता गाजावाजाच वाटला. एक्सप्रेसवेवर सहाव्या गिअरला शंभरच्या वेगात काटा सव्वातीन हजारांच्या आसपास असतो, आणि व्हीटेक जागं होतं जवळपास सहा हजारांना. म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले, ते रोज हाताला लागतच नाही! हे मत मी आता मागे घेतो. एक्सप्रेसवेवर चढताना दुसऱ्या गिअरला सत्तर ओलांडले की आवाज एकदम करकरीत होतो आणि गाडी नऊ हजारांपर्यंत ओढत राहते. होंडाच्याच २००१च्या के२०ए इंजिनमध्ये कॅमचं (व्हॉल्व उघडणाऱ्या उंचवट्यांचं) टायमिंग पुढेमागे करणारं व्हीटीसीही आलं, त्यामुळे तिथे हा बदल बराच मवाळ लागतो. इथे व्हीटीसी नाही, म्हणून तो थेट पाठीला जाणवतो. मला हाच आवडतो.

होंडाच्या १९८९च्या इंटेग्रा गाडीपासून व्हीटेकची युक्ती हीच आहे. खालच्या आरपीएमला कडेचे बुटके कॅम व्हॉल्व उघडतात. वर गेलं की ऑइलच्या दाबाने पिन सरकते, तिन्ही रॉकर आर्म एकत्र जखडले जातात आणि मधला उंच कॅम सूत्रं हातात घेतो. म्हणजे सगळा खेळ ऑइलवर. म्हणून घाटातल्या त्या बिघाडानंतर आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी काढली. ऑइल खालच्या खुणेला टेकलेलं. ही चूक माझी. १०डब्ल्यू-३० टाकून लेव्हल पुरी केली, तरी तेच.

मग हेडच्या बाजूचा सोलेनॉइड, म्हणजे व्हीटेकला ऑइल सोडणारा विजेवरचा व्हॉल्व, दहाच्या पान्याने उतरवला. त्याच्या गॅस्केटमध्येच (सांध्यातल्या पातळ सीलमध्ये) नखाएवढी जाळी असते. तिच्यावर राखाडी, रबरासारखा पापुद्रा चिकटलेला. चिमट्याने धरला तर लांब ताणला गेला. सीलंट, म्हणजे सांधे बुजवायचा लेप! गळती थांबवायला आधी कोणीतरी नवीन गॅस्केट घालायचं सोडून सीलंट थापलं होतं, आणि त्याचे तुकडे सुटून ऑइलची वाटच बुजली होती. नवीन गॅस्केट एका साध्या जेवणाच्या पैशात आलं. अर्ध्या तासात काम झालं. त्याच संध्याकाळी काटा नऊ हजारांना लागला.

हेड उघडलं असतं तर? या विचाराने अजून संताप होतो. रॉकर आर्म ठणठणीत होते.

आता पेट्रोलच्या प्रत्येक टाकीला, सपाट जागी गाडी लावून डिपस्टिक बघतो. जास्तीचं एक गॅस्केट सीटांमागच्या कप्प्यात ठेवलंय. वापरलेली एस२००० घ्यायला जाणार असाल तर कापडी छत आणि टायर नंतर बघा. आधी टॉर्च घेऊन सोलेनॉइडच्या सांध्याभोवती सीलंटची कड बाहेर आलीय का ते बघा.