धुळ्याच्या कुकरात कोकणचा लाल तांदूळ

बचत गटांच्या प्रदर्शनात सिंधुदुर्गाकडच्या बायांचा गाळा होता, तिथून हा तांदूळ घेतला. पॉलिश न केलेला, लाल, किलोला 120 रुपये. रोजचा कोलम याहून बराच स्वस्त पडतो, तेव्हा एवढे पैसे कशासाठी, असं धुळ्याचा माणूस विचारणारच. माझं म्हणणं आधीच सांगते: वरण-भातासाठी घेणार असाल तर राहू द्या. घरात झणझणीत रस्सा होत असेल तर जरूर घ्या.

दाणा जाड, आखूड, विटकरी रंगाचा. काही दाणे फिके, काहींवर नुसत्या लाल रेघा. सगळे एकसारखे लालभडक असते तर रंग दिलाय समजून मी हातच लावला नसता. एखादा दाणा फोडून बघा, आतून पांढराच निघतो. लाली असते ती वरच्या कोंड्यात. म्हणून गिरणीत पॉलिश मारलं की रंग जातो, आणि त्याच्यासोबत तंतू आणि ब-1 जीवनसत्त्वाचा मोठा वाटाही. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, तेव्हा जीवनसत्त्वांचा धडा आला की डच डॉक्टर आइकमनच्या कोंबड्या सांगितल्याशिवाय पुढे जात नसे. 1890 च्या दशकात जावा बेटावर पॉलिशच्या तांदळावर त्या लुळ्या पडायच्या आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की पुन्हा चालायला लागायच्या. त्याला 1929 साली नोबेल मिळालं. पोरांना नोबेलपेक्षा कोंबड्याच लक्षात राहायच्या.

पाकिटावर ‘मधुमेहावर रामबाण’ असं छापलंय, ते मात्र मला पटलं नाही. आमच्या ह्यांना साखर आहे. कोंड्यामुळे साखर थोडी सावकाश चढत असेल, पण भात तो भातच, वाटीनं मोजूनच वाढायचा. चांगल्या मालाला असल्या थापांची गरज नसते. पाकिटात थोडी साळही निघाली, पण ती निवडून काढता येते. खडे नव्हते, हे महत्त्वाचं.

आता शिजवण्याचं. कोलमच्या हिशेबानं दुप्पट पाणी घालून तीन शिट्ट्या केल्या तर दाणा दाताखाली कचकचतो. कोंड्याचं आवरण पाणी लवकर आत जाऊ देत नाही, म्हणून भिजवण्याला पर्याय नाही. मी रात्रीच भिजत घालते. निदान पाच-सहा तास तरी हवेतच. धुताना चोळायचं नाही, दोनदा हलकं विसळायचं. पाणी थोडं गुलाबी होतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. वाटीला तीन वाट्या पाणी, एक शिट्टी मोठ्या आचेवर, मग गॅस बारीक करून पंधरा मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. उघड्या पातेल्यात करायचा तर पाणी सढळ घ्या, अर्धा-पाऊण तास धरा आणि दाणा फुटला की वरचं पाणी वेळून घ्या. ती पेज ओतू नका. मीठ आणि तुपाचा थेंब घालून सासूबाईंना दिली. आधी भांड्यात डोकावून ‘हाई काय शे वं?’ म्हणाल्या, मग वाटी रिकामी करून परत पुढे केली.

शिजलेला भात मोकळा होतो, पण मऊ होत नाही. चावून खावा लागतो, आणि वास खमंग. साध्या वरणाचा त्याच्यापुढे टिकाव लागत नाही. खरी गंमत शेवभाजीच्या रश्श्यासोबत. काळ्या मसाल्याचा, वर तेलाचा तवंग आलेला रस्सा ओतला तरी याचा गाळ होत नाही, दाणा दाणा राहतो. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरीची सवय असलेल्या तोंडाला हा चावरेपणा खटकायचा नाही. भरताशी मात्र नको, तिथे भाकरीच.

खिचडीही केली. भिजवलेला तांदूळ आधी एका शिट्टीपुरता शिजवून घ्यायचा आणि मगच तुरीची डाळ घालायची, नाहीतर डाळ विरघळते आणि तांदूळ तसाच राहतो. वरून लसूण-मिरचीची फोडणी आणि पापड. पोरांनी नाक मुरडलं, आम्ही दोघांनी चाटूनपुसून खाल्ली.

साठवणीचं गणित वेगळं. कोंड्यात तेल असतं, ते उन्हाळ्यात खवट होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा वर्षाचं धान्य भरतो तसा हा भरू नका. दोन किलो आणा, घट्ट डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. विकत घेताना पाकीट नाकाशी धरा; जुन्या तेलासारखा वास आला तर कितीही स्वस्त असला तरी परत द्या. त्याच गाळ्यावर उकडा लाल तांदूळही होता. तो मी घेतला नाही, कारण त्याचा वास आमच्या घरात कुणालाच चालत नाही.