कीपरचं बोलणं ऐकावं की संध्याकाळचं व्याख्यान?

प्राणिसंग्रहालयात वन्यजीव संवर्धनावर जे जाहीर कार्यक्रम होतात, त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार. दिवसा पिंजऱ्यासमोर उभं राहून कीपर, म्हणजे प्राण्याची रोजची देखभाल करणारा कर्मचारी, पंधरा-वीस मिनिटं बोलतो, हा एक. दुसरा म्हणजे संध्याकाळी सभागृहात होणारं तास-दीड तासाचं व्याख्यान, जिथे जंगलात काम केलेला अभ्यासक बोलतो आणि शेवटी प्रश्नोत्तरं होतात. पहिला बहुधा प्रवेशाच्या तिकिटातच येतो, दुसऱ्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. दोन्हींना जाणं जमणार नसेल तर कुठे जावं, एवढाच प्रश्न आहे.

आधी कीपरकडे वळू, कारण त्याच्याकडे जे आहे ते दुसऱ्या कुणाकडेच नसतं. अभ्यासकाला वाघ माहीत असतात, कीपरला हा वाघ माहीत असतो. वाघाला शिकवतानाचं प्रात्यक्षिक असेल तर पुढे जाऊन उभे राहा. काठीच्या टोकाला एक चेंडू असतो. वाघाने त्याला नाक लावलं की शिट्टी वाजते आणि जाळीतून मांसाचा तुकडा मिळतो. अशा छोट्या छोट्या पायऱ्यांनी तो अंग जाळीला टेकवून उभा राहायला शिकतो, आणि डॉक्टर शेपटीतून रक्त काढेपर्यंत जागचा हलत नाही. भूल द्यावी लागत नाही, म्हणजे भुलीचा धोकाही टळतो. हे डोळ्यांनी पाहिल्यावर पिंजऱ्याबाहेरून हाका मारणाऱ्या गर्दीचा जो राग येतो, तो बरोबरच आहे.

कीपरला एक प्रश्न जरूर विचारा: याचा जोडीदार कोण ठरवतं? मग वंशावळीच्या नोंदवहीचा विषय निघतो. जवळच्या नात्यात प्रजनन होऊ नये म्हणून प्रत्येक प्राण्याचे आईबाप नोंदलेले असतात, आणि त्या हिशेबाने प्राणी एका संग्रहालयातून दुसऱ्या संग्रहालयात पाठवले जातात. कितीतरी वेळा कीपर हे आपणहून सांगत नाही, कारण समोरच्यांना फक्त वाघ किती किलो मांस खातो एवढंच हवं असतं.

मर्यादाही तिथेच आहे. मागे लहान मुलं रडत असतात, माइकचा आवाज फाटत असतो आणि संवर्धन शेवटच्या दोन मिनिटांत उरकलं जातं: जंगलं कमी होत आहेत, शिकार होते, प्लास्टिक टाकू नका. यात खोटं काही नाही, पण हाताला काही लागत नाही.

कॅलिफोर्नियातल्या काँडर गिधाडाचंच बघा. १९८७ मध्ये जगात हे पक्षी जेमतेम २७ उरले होते आणि सगळेच्या सगळे माणसाच्या ताब्यात होते. पिल्लांना माणसाची सवय लागू नये म्हणून त्यांना भरवणारा हातात काँडरच्या डोक्याचं बाहुलं घालायचा. पिल्लाला दिसायची ती फक्त लालसर मान आणि चोच. कीपरच्या तोंडून ऐकावी अशी ही गोष्ट. १९९२ पासून पक्षी सोडायला सुरुवात झाली. पण मुळात ते संपत का आले आणि सोडलेलेही का मरत राहिले, ते कळायला सभागृहातच बसावं लागतं. बंदुकीच्या गोळीतलं शिसं मेलेल्या जनावराच्या मांसात राहतं, काँडर ते मांस खातो आणि त्याला विषबाधा होते. म्हणजे प्रश्न अंडी उबवण्याचा कमी आणि शिकाऱ्यांच्या काडतुसांचा जास्त. कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी यायला २०१९ उजाडलं. कायदा, शिकारी आणि पशुवैद्यक एकाच धाग्यात ओवायचे तर वीस मिनिटं पुरत नाहीत.

अर्थात सगळीच व्याख्यानं अशी नसतात. काही नुसती संस्थेची जाहिरात असतात: सुंदर फोटो, एक यशोगाथा, शेवटी देणगीचं आवाहन. ती ओळखण्यासाठी माझी कसोटी अरबी ओरिक्सची. हे हरणासारखं पांढरं जनावर १९७२ मध्ये जंगलातून नामशेष झालं. पण १९६३ पासून अमेरिकेतल्या फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात त्याचा कळप जपला होता, त्यामुळे १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात ते पुन्हा सोडता आलं. जाहिरात करणारा वक्ता इथे थांबतो आणि टाळ्या घेतो. खरा वक्ता पुढे सांगतो, की त्या कळपावर चोरट्या शिकाऱ्यांनी पुन्हा हात मारला, ओमानने ओरिक्सच्या अभयारण्याचं क्षेत्र ९० टक्क्यांनी घटवलं आणि २००७ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीतून वगळलं गेलं. त्या यादीतून बाहेर पडलेलं ते पहिलं ठिकाण. तरीही इतर देशांतल्या कळपांच्या जोरावर २०११ मध्ये ओरिक्सची धोक्याची श्रेणी खाली आली. अपयश सांगायला जो वक्ता कचरत नाही, त्याचं यशही मी मानतो.

म्हणून नोंदणीआधी विषयाची ओळ नीट वाचा. एखादी प्रजाती, एखादी जागा आणि वक्त्याचं तिथलं काम असं काही ठोस लिहिलं असेल तर निःशंक जा. ‘निसर्ग वाचवूया’ एवढंच असेल तर जाऊ नका, वेळ वाचवा.

बरोबर आठ-नऊ वर्षांखालची मुलं असतील तर विचारच करू नका, कीपरकडेच जा. दीड तास खुर्चीत बसवून त्यांच्या मनात प्राण्यांविषयी प्रेम वाढत नाही. गर्दी नसलेला दिवस निवडा, म्हणजे मुलांचे प्रश्नही ऐकले जातील.

तेच व्याख्यान ऑनलाइन ऐकण्याची सोय असेल तर लांब राहणाऱ्यांसाठी ती चांगलीच. पण तिथे प्रश्न लिहून पाठवावे लागतात आणि त्यातले सोपे तेवढे निवडले जातात.

एकट्याने जाणाऱ्या मोठ्या माणसाने मात्र व्याख्यानच निवडावं, आणि जमलं तर त्याच दिवशी दुपारी कीपरला आधी ऐकून घ्यावं. संध्याकाळी पडद्यावर आकडे दिसायला लागले की दुपारी जाळीला टेकून उभा राहिलेला तो एक वाघ डोळ्यांसमोर असतो, आणि अभ्यासकाला काय विचारायचं ते आपोआप सुचतं.